आजारपणात घडलेले गैरवर्तन आणि कारणे दाखवा नोटीस : खुलाशात आजाराचा उल्लेख करावा का?

अर्धोन्मीलित

गेली नऊ वर्षे मी एका खासगी संस्थेत प्रकल्प समन्वयक म्हणून काम करते आहे आणि या काळात माझ्याविरुद्ध एकही लेखी तक्रार झालेली नव्हती. चार दिवसांपूर्वी मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. खुलाशासाठी सात दिवसांची मुदत आहे, म्हणजे आता तीनच दिवस हातात आहेत.

सुमारे सात आठवड्यांपूर्वी माझ्या उजव्या डोळ्याची दृष्टी दोन-तीन दिवसांत झपाट्याने कमी झाली. डोळा हलवला की आत दुखायचे आणि लाल रंग विटलेला दिसायचा. दृष्टीच्या मज्जातंतूला सूज आल्याचे निदान झाले. रुग्णालयात सलग तीन दिवस मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज १००० मिलीग्रॅम या मात्रेने सलाइनमधून दिले आणि त्यानंतर अकरा दिवस रोज ६० मिलीग्रॅम प्रेडनिसोलोनच्या गोळ्या घ्यायला सांगितल्या. डोळा सुधारू लागला. मात्र तिसऱ्या रात्रीपासून माझी झोप पूर्णपणे उडाली, आणि तरीही थकवा म्हणून जाणवत नव्हता. उलट आयुष्यात इतके ताजेतवाने आणि इतके हुशार मला कधी वाटले नव्हते. दोन आठवड्यांची रजा मंजूर असताना मी पाचव्या दिवशी आपणहून कामावर रुजू झाले.

पुढच्या चार दिवसांत जे घडले त्यावरून नोटिशीत चार आरोप आहेत. पहिला, विभागप्रमुखांनी माझे काम चोरल्याचा आरोप करणारे अकरा ईमेल मी संपूर्ण विभागाला आणि दोन ग्राहकांना पाठवले, त्यांतले बहुतेक मध्यरात्रीनंतर. दुसरा, बैठकीत एका कनिष्ठ सहकारी महिलेला सर्वांसमोर नालायक म्हटले आणि तिचा लॅपटॉप तिच्या हातांवरच बंद केला. तिसरा, अधिकार नसताना एका ग्राहकाला तीस टक्के सवलतीचे लेखी आश्वासन दिले. चौथा, विभागप्रमुखांनी घरी जाण्यास सांगितल्यावर त्यांचा अवमान केला. नवव्या दिवशी माझी बहीण मला जवळजवळ ओढतच डॉक्टरांकडे घेऊन गेली. स्टेरॉइडमुळे उन्माद झाल्याचे त्यांनी सांगितले, झोपेची औषधे दिली, स्टेरॉइड टप्प्याटप्प्याने कमी केले आणि साधारण दोन आठवड्यांत मी पुन्हा पूर्वीसारखी झाले. पूर्वीसारखी झाल्यावर मी ते ईमेल वाचले, त्या दिवसाबद्दल काही लिहिण्याची माझी तयारी नाही.

माझी अडचण अशी आहे की आजाराचा उल्लेख केला तर ‘हिला वेड लागले होते’ हा शिक्का कायमचा बसेल, आणि न केला तर मी शुद्धीवर असताना हे सगळे केले असे ठरेल. बैठकीतल्या प्रसंगातले मला अर्धेच आठवते. त्या सहकारी महिलेची माफी मागावी असे मनापासून वाटते, पण माफी मागणे म्हणजे आरोप मान्य करणे ठरेल, असे एका हितचिंतकाने बजावले आहे. अनुभवी व्यक्तींनी मार्गदर्शन करावे.

जुनी नस्ती

मी तेवीस वर्षे आस्थापना विभागात काढली आणि त्यांतली बरीचशी खातेनिहाय चौकश्या चालवण्यात गेली, म्हणजे आपण ज्या टेबलासमोर बसणार आहात त्याच्या पलीकडच्या बाजूला मी बसत असे. तिथून दिसलेले सांगतो. प्रत्येक ठिकाणचे कायदे आणि सेवानियम वेगळे असतात, म्हणून आपल्या संस्थेची नियमावली आधी मिळवून वाचा आणि शक्य असल्यास कामगार कायद्याच्या वकिलाला एकदा तरी दाखवा.

आजाराचा उल्लेख करावा का, या प्रश्नाला माझे उत्तर ‘होय, आणि आत्ताच’ असे आहे. खुलाशात एक अक्षर न लिहिता चौकशीच्या शेवटी किंवा अपिलात वैद्यकीय कागद पुढे केला, की तो कितीही खरा असला तरी पश्चातबुद्धी ठरतो. मी स्वतः तशा शेऱ्यांखाली सह्या केल्या आहेत आणि त्यांतल्या एक-दोन प्रकरणांत कागद खरे असावेत असे आज वाटते. शिक्क्याची भीती रास्त आहे, परंतु त्यावर उपाय आहे. वैद्यकीय कागद खुलाशाला जोडून न देता वेगळ्या बंद लिफाफ्यात द्या आणि ते शिस्तभंग प्राधिकारी व चौकशी अधिकारी यांच्यापलीकडे जाऊ नयेत, अशी लेखी विनंती करा. खुलाशात ‘सोबत स्वतंत्रपणे सादर केलेले वैद्यकीय अभिलेख पाहावेत’ एवढेच पुरते.

आता आजाराने काय साधते आणि काय साधत नाही हे नीट समजून घ्या, कारण बहुतेक खुलासे इथेच घसरतात. माणूस आजारी होता एवढ्याने आरोप पुसला जात नाही. आजारी असणे आणि ते विशिष्ट कृत्य यांच्यातला दुवा दाखवावा लागतो, आणि तोही प्रत्येक आरोपापुरता वेगळा. खातेनिहाय चौकशीत फौजदारी खटल्यासारखी निःसंशय सिद्धता लागत नाही. पारडे कोणत्या बाजूला झुकते एवढेच पाहिले जाते, आणि हे जसे आपल्याविरुद्ध वापरले जाते तसेच आपल्या बाजूनेही वापरता येते. दुवा पुरेसा पटला, तर आरोप ‘सिद्ध’ ठरूनही शिक्षा बडतर्फीवरून ताकिदीपर्यंत किंवा वेतनवाढ रोखण्यापर्यंत खाली येऊ शकते. खुलाशाची खरी लढाई पुष्कळदा शिक्षेच्या प्रमाणाची असते, निर्दोषत्वाची नसते.

जे आठवत नाही त्याबद्दल ‘मी असे केले नाही’ असे चुकूनही लिहू नका. न आठवणे आणि न करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बैठकीत दहा साक्षीदार असतील, त्यांतले चार जण आपल्या बाजूचे असूनही खरे तेच सांगतील, आणि आपले एक विधान खोटे पडले की उरलेल्या खऱ्या विधानांवरचाही विश्वास उडतो. ‘या प्रसंगाचा काही भाग मला आठवत नाही, उपस्थितांनी सांगितलेला घटनाक्रम मी नाकारत नाही,’ असे लिहावे.

आणखी एक मुद्दा. वैद्यकीय रजा अर्धवट सोडून आपण रुजू झालात, तेव्हा तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र कुणी मागितले होते का? बहुतेक सेवानियमांत अशी तरतूद असते आणि ती नुसती कागदावर राहते. हे वाक्य खुलाशात घालायचे असेल तर एकदाच आणि रागाविना घाला, कारण त्याचा रोख ‘चूक तुमचीच’ असा झाला की वाचणारा बाह्या सरसावतो.

मुदत कमी पडत असेल तर आजच लेखी मुदतवाढ मागा आणि ईमेलांच्या प्रती व साक्षीदारांचे जबाब मागवा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९८२ सालचा करार क्रमांक १५८ सांगतो की वर्तनाच्या कारणावरून कामावरून काढण्यापूर्वी कामगाराला आरोपांविरुद्ध बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे, आणि त्याच वर्षीची शिफारस क्रमांक १६६ सांगते की बाजू मांडताना दुसऱ्या व्यक्तीचे साहाय्य घेण्याचा हक्क त्याला असावा. करार मान्य केलेल्या देशांपुरताच बंधनकारक आहे आणि शिफारस तर कुठेच बंधनकारक नाही, परंतु ही नैसर्गिक न्यायाचीच तत्त्वे असल्यामुळे त्यांचा आधार घेऊन मागणी करायला कुठलीच आडकाठी नाही. सहायक म्हणून मात्र आपल्याहून जास्त चिडलेला मित्र नेऊ नका.

शेवटी एक काम सांगतो. नोटिशीला जोडलेल्या सर्व ईमेलांच्या तारखा आणि वेळा एका कागदावर डावीकडे लिहा, उजवीकडे इंजेक्शनांच्या आणि गोळ्यांच्या तारखा लिहा, आणि तो कागद स्वतः शांतपणे वाचा. चौकशी अधिकारी पहिल्या दिवशी हेच करणार आहे.

मात्रा

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. तुम्हाला तपासलेले नसल्यामुळे तुमच्याबद्दल निदान म्हणून काही सांगू शकत नाही, परंतु स्टेरॉइडमुळे होणारा उन्माद ही वैद्यकशास्त्राला चांगली परिचित असलेली गोष्ट आहे. कॉर्टिसोन या स्टेरॉइडचा पहिला यशस्वी वापर १९४८ मध्ये संधिवाताच्या रुग्णावर झाला, १९५० मध्ये त्या कामाला नोबेल पारितोषिक मिळाले, आणि या औषधांनी काही रुग्णांचे मन बिघडते हेही त्याच सुमारास लक्षात येऊ लागले होते. मात्रेशी असलेला त्याचा संबंध १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोस्टनमधील औषध-निरीक्षण प्रकल्पाच्या अहवालाने स्पष्ट केला. प्रेडनिसोन (मिलीग्रॅमला मिलीग्रॅम तुमच्या प्रेडनिसोलोनइतकेच प्रभावी स्टेरॉइड) रोज ४० मिलीग्रॅमपर्यंत घेणाऱ्यांत मानसिक दुष्परिणामांचे प्रमाण १.३ टक्के होते, ४१ ते ८० मिलीग्रॅम घेणाऱ्यांत ४.६ टक्के, आणि ८० मिलीग्रॅमपेक्षा अधिक घेणाऱ्यांत १८.४ टक्के. तुम्हाला दिलेले १००० मिलीग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन हे सुमारे १२५० मिलीग्रॅम प्रेडनिसोलोनइतके होते. एवढ्या मोठ्या मात्रा थोडे दिवस देण्याची पद्धत मान्यताप्राप्तच आहे, त्यामुळे उपचार चुकले असा याचा अर्थ काढू नये. पण तुमच्या मेंदूवर किती मोठा रासायनिक आघात झाला होता हे चौकशी अधिकाऱ्याला या आकड्यावरून कळेल.

हे दुष्परिणाम बहुधा पहिल्या एक-दोन आठवड्यांत, कित्येकदा पहिल्या काही दिवसांतच सुरू होतात. त्याआधी कधीही मानसिक आजार झालेला नसला तरी होतात. आणि मात्रा उतरवल्यावर बहुतेकांत काही दिवसांत किंवा आठवड्यांत ओसरतात. झोप उडणे ही त्यांची पहिली वर्दी असते. तुम्हाला झोपेची गरजच वाटत नव्हती, आपण फार हुशार आहोत असे वाटत होते, अधिकार नसताना सवलत वाटून टाकली, रजा सोडून कामावर धावलात, हे सगळे एकाच चित्राचे भाग आहेत. यातला रुजू होण्याचा निर्णय तुम्हाला आज ‘माझी चूक’ वाटत असेल, पण आपण आजारी आहोत याची जाणीव हरपणे हे उन्मादाचे लक्षणच आहे.

प्रमाणपत्राबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण ‘सदर रुग्ण मानसिक आजाराने ग्रस्त होत्या’ असा एका ओळीचा कागद आणणारे लोक मी पाहिले आहेत आणि तो कागद त्यांच्याच विरोधात गेलेलाही पाहिला आहे. तुमच्या उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी औषधाचे नाव, मात्रा, सुरू झाल्याच्या व उतरवल्याच्या तारखा, कोणती लक्षणे कोणत्या तारखेला नोंदली गेली, ती औषधामुळे उद्भवली असे मत, ती कधी पूर्णपणे गेली आणि आज तुम्ही कामासाठी तंदुरुस्त आहात का, हे लिहावे. तुम्ही दोषी आहात की नाही यावर त्यांनी मत देऊ नये. तो त्यांचा प्रांत नाही आणि तसे मत दिले की प्रमाणपत्राचे वजन घटते. डोळ्याच्या दुखण्यामागच्या पुढच्या तपासण्या आणि शक्यता यांचा उल्लेखही नको. ‘डोळ्याच्या विकारासाठी’ एवढे पुरते.

आज लिहून घेतलेल्या प्रमाणपत्रापेक्षा त्या दिवसांत लिहिल्या गेलेल्या ओळीला अधिक किंमत असते. रुग्णालयातून सोडतानाचा सारांश, परिचारिकेच्या रात्रपाळीच्या नोंदी, नवव्या दिवशीचा केसपेपर, बहिणीने त्याआधी रुग्णालयाला फोन केला असेल तर त्याची नोंद, या सगळ्यांच्या प्रती मागवा.

आणि एक सूचना, जी खुलाशाच्या पलीकडची आहे. पुढे कधी पुन्हा स्टेरॉइड घेण्याची वेळ आली तर हा प्रसंग डॉक्टरांना आधी सांगा, आणि घेत असताना मनाने एकदम बंद करू नका. शरीर स्वतः तयार करते ते कॉर्टिसोल हे स्टेरॉइड संप्रेरक दबलेले असते आणि अचानक बंद केल्यास जिवावर बेतू शकते.

पाऊलवाट

माझ्या मते एवढा मनस्ताप करून घेण्यापेक्षा राजीनामा देऊन मोकळे व्हावे. चौकशी महिनोन्महिने चालते आणि निर्णय काहीही लागला तरी त्या कार्यालयात पूर्वीसारखे बसता येत नाही. मी हे स्वानुभवावरून सांगतो आहे.

जुनी नस्ती

पाऊलवाट, आपला अनुभव आपल्यापुरता खरा असेल, परंतु नोटीस हातात असताना दिलेला राजीनामा पुष्कळ संस्था स्वीकारतच नाहीत, आणि स्वीकारला तरी नस्तीवर ‘चौकशी प्रलंबित असताना राजीनामा’ अशी ओळ राहते. पुढच्या ठिकाणी विचारणा झाली की आजार बाजूला राहतो आणि तीच ओळ बोलते. सोडायचेच असेल तर निर्णयानंतर सोडता येईल.

तिसरी खुर्ची

मी या गोष्टीच्या दुसऱ्या बाजूला होते, म्हणून लिहिते आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या एका वरिष्ठ सहकाऱ्याने सर्वांदेखत माझ्यावर आरडाओरडा केला आणि माझ्या हातातली कागदपत्रे भिरकावली. नंतर कळले की त्यांच्या रक्तातील साखर त्या वेळी धोकादायकरीत्या खाली गेली होती. मला हे त्यांनी सांगितले नाही. मनुष्यबळ विभागाने मला बोलावून ‘वैद्यकीय कारण होते, प्रकरण मिटले आहे’ असे एका वाक्यात सांगितले. मला त्यांना शिक्षा व्हायला नको होती. खरे तर त्यांच्या आजाराचे मला वाईटच वाटले. पण पुढची दोन वर्षे आम्ही एकाच दालनात बसलो, ते रोज मला नमस्कार करत, आणि त्या दिवसाचा शब्द त्यांनी कधी काढला नाही. माझ्या वाट्याला आलेला तो प्रसंग जणू कुणीच घडवलेला नव्हता.

म्हणून जुनी नस्ती यांनी खुलाशाबद्दल एवढे तपशिलाने लिहूनही माफीच्या प्रश्नाला स्पर्श केला नाही, हे मला खटकले. आजाराने तुमच्या शिक्षेचे प्रमाण बदलत असेल, पण त्या मुलीच्या हातांवर लॅपटॉप मिटला गेला हे बदलत नाही. बघा, मीसुद्धा ‘मिटला गेला’ असेच लिहिले. आपल्या भाषेतला कर्मणी प्रयोग अशा वेळी फार सोयीचा पडतो. ‘माझ्याकडून काही अनुचित शब्द वापरले गेले’ असे लिहिले की शब्द आपोआप वापरले जातात आणि करणारा वाक्यातून अंग चोरून निघून जातो. तुम्ही ‘मी तुला सर्वांसमोर नालायक म्हटले आणि तुझ्या हातांवर लॅपटॉप बंद केला’ असे लिहा. त्यानंतर आजाराबद्दल एखादेच वाक्य असू द्या, आणि ते ‘पण’ या शब्दाने सुरू होऊ देऊ नका.

जुनी नस्ती

तिसरी खुर्ची यांचा आक्षेप मान्य आहे. माफीचा प्रश्न मी टाळलाच होता. चौकशी चालू असताना तक्रारदाराशी परस्पर बोलू नका असे आम्ही आरोपीला सांगत असू, कारण चांगल्या हेतूने केलेला फोनसुद्धा साक्षीदारावर दबाव म्हणून नोंदला जातो, आणि त्या सवयीने मी गप्प राहिलो. माफीने आरोप मान्य होतो हे खरे आहे. परंतु दहा जणांसमोर घडलेले आणि ईमेलाने लिहून ठेवलेले नाकारून तुम्ही असे काय वाचवणार आहात? मार्ग असा आहे की माफीचे पत्र शिस्तभंग प्राधिकाऱ्याकडे द्यावे आणि त्यांना योग्य वाटेल तेव्हा ते त्या सहकारी महिलेकडे पोहोचवण्याची विनंती करावी. उत्तराची अपेक्षा पत्रात दाखवू नये. माफ करायचे की नाही, हे तिला ठरवू द्या.

अर्धोन्मीलित

सर्वांचे आभार. मुदतवाढ मागितली आणि चार दिवस मिळाले. जुनी नस्ती यांनी सांगितलेला कागद काल रात्री तयार केला आणि त्यात एक गोष्ट निघाली, जी मी पहिल्या प्रश्नात लिहिली नव्हती. विसरले होते असे म्हणता येणार नाही. तिच्याकडे मी बघतच नव्हते.

अकरा ईमेलांपैकी पहिला ईमेल इंजेक्शने सुरू होण्याच्या दोन दिवस आधीचा आहे. तो दुपारी तीन वाजता, फक्त विभागप्रमुखांना आणि त्यांच्या वरिष्ठांना पाठवलेला आहे. एका अहवालावरून माझे नाव वगळल्याबद्दल त्यात मी तक्रार केली आहे आणि ‘ही दुसऱ्याच्या श्रमांवर दरोडा घालण्याची सवय आहे’ असे वाक्य लिहिले आहे. तेव्हा माझा डोळा दुखू लागला होता, पण औषधाचा एक थेंबही शरीरात गेलेला नव्हता. पुढचे दहा ईमेल हे त्याच वाक्याचे रात्री दोन वाजता वाढत गेलेले अवतार आहेत. आता प्रश्न पडतो की हा ईमेल मी इतरांमध्ये मिसळून जाऊ द्यावा का, कारण नोटिशीत सर्व अकरा एकत्रच मोजले आहेत आणि तारखांकडे अजून कुणाचे लक्ष गेलेले दिसत नाही.

जुनी नस्ती

लक्ष गेलेले नाही असे आपल्याला वाटते. मी चौकशी अधिकारी असतो तर याच ईमेलापासून उलटतपासणी सुरू केली असती, आणि ‘सर्व अकरा ईमेल औषधाच्या प्रभावाखाली पाठवले’ हे वाक्य आपल्या खुलाशात सापडले असते तर बाकीचे दहाही त्याच्यासोबत बुडाले असते.

तो वेगळा काढा आणि स्वतः वेगळा काढा. पहिल्या आरोपाचे उत्तर देताना लिहा की अमुक तारखेचा ईमेल उपचारांपूर्वीचा आहे, तो आपण पूर्ण शुद्धीत लिहिला, त्यातील तक्रारीचा विषय आजही आपल्याला योग्य वाटतो, परंतु ‘दरोडा’ हा शब्द आणि ‘सवय’ हा आरोप अनुचित होता आणि त्याबद्दल आपण दिलगीर आहोत. त्यानंतरच्या दहा ईमेलांबद्दल तारखा, वेळा आणि मात्रा यांचा तक्ता द्या. स्वतःच्या विरुद्ध जाणारी तारीख आपणहून पुढे ठेवणाऱ्या माणसाचा तक्ता वाचताना अधिकाऱ्याची पेन्सिल थांबते, हे मी अनुभवाने सांगतो.

याचा आणखी एक फायदा आहे. दुपारी तीन वाजता दोनच माणसांना पाठवलेला, कडक पण विषयाला धरून असलेला ईमेल आणि रात्री दोन वाजता ग्राहकांसकट सर्वांना पाठवलेला ईमेल शेजारीशेजारी ठेवले, की औषधाने काय बदलले ते वेगळे सांगावे लागत नाही. तुमच्या रागाचा विषय तोच राहिला आणि त्याला घातलेला बांध तेवढा फुटला. लपवावासा वाटणारा हा कागदच तुमचा सर्वांत चांगला पुरावा ठरू शकतो. अहवालावरून नाव वगळल्याची मूळ तक्रार मात्र या खुलाशात लढवू नका. तिच्यासाठी नंतर स्वतंत्र अर्ज करा.

मात्रा

जुनी नस्ती यांच्याशी मी वैद्यकीय बाजूनेही सहमत आहे. उन्मादात माणूस शून्यातून नवा राग निर्माण करतोच असे नाही. मनात आधीपासून असलेल्या खऱ्याखोट्या गाऱ्हाण्यावरचे नियंत्रण जाते, हे आम्ही नेहमी पाहतो. म्हणून ‘ती मी नव्हतेच’ असे लिहिणे जसे खरे नाही, तसे ‘खरे रूप बाहेर आले’ असे कुणी म्हणाले तर तेही खरे नाही. शक्य असल्यास हा पहिला ईमेल तुमच्या डॉक्टरांनाही दाखवा, म्हणजे त्यांच्या प्रमाणपत्रातल्या तारखा त्याच्याशी विसंगत जाणार नाहीत.

पुनरावृत्ती टाळण्याबाबतही खुलाशात एक परिच्छेद असावा. पुन्हा असे उपचार लागल्यास पूर्ण काळ रजेवर राहीन, रुजू होण्यापूर्वी तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र देईन आणि त्या काळात कार्यालयीन ईमेलचा प्रवेश बंद ठेवावा अशी विनंती स्वतः करीन, इतके ठोस लिहा. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६ सालच्या करारात कामाच्या ठिकाणच्या वाजवी सोयींची कल्पना मांडलेली आहे. तुमचा अल्पकाळचा आजार त्या व्याख्येत बसेलच असे नाही, परंतु खर्च नसलेली आणि तुम्हीच सुचवलेली सोय नाकारणे कोणत्याही व्यवस्थापनाला अवघड जाते.

तिसरी खुर्ची

ईमेलचा प्रवेश बंद ठेवण्याची कल्पना चांगली आहे. तेवढे एक वाक्य त्या सहकारी मुलीला लिहिलेल्या पत्रातही घाला. असे पुन्हा होणार नाही यासाठी तुम्ही प्रत्यक्षात काय करणार आहात, हे तिला कळले पाहिजे.

अर्धोन्मीलित

आज दुपारी खुलासा सादर केला आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतली. एकूण पाच पाने आणि तारखांचा एक तक्ता झाला. तक्त्याची पहिली ओळ त्या दुपारच्या ईमेलाची आहे आणि तिच्यासमोरच्या रकान्यात ‘कोणतेही औषध नाही’ असे लिहिले आहे. वैद्यकीय अभिलेख बंद लिफाफ्यात दिले. रात्रपाळीच्या परिचारिकेने तिसऱ्या रात्री ‘रुग्ण झोपलेली नाही, सतत बोलत आहे’ अशी ओळ लिहून ठेवलेली सापडली. ती ओळ वाचून डॉक्टरांनी प्रमाणपत्रातली लक्षणांची तारीख एक दिवस अलीकडे आणली.

सहकारी महिलेला लिहिलेले पत्र वेगळ्या पाकिटात प्राधिकाऱ्याकडे दिले. ते नऊ ओळींचे आहे आणि त्यात कर्मणी प्रयोग नाही. तिसऱ्या मसुद्यापर्यंत तो कुठून तरी शिरतच होता. सवलतीच्या आश्वासनाबद्दल त्या ग्राहकाशी व्यवस्थापनाने आधीच बोलून घेतल्याचे आज कळले, त्यामुळे तिसऱ्या आरोपाचे उत्तर दोन वाक्यांत आटोपले. प्राथमिक सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. सहायक म्हणून लेखा विभागातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी यायचे कबूल केले आहे. ते फारसे बोलत नाहीत.

सुनावणीनंतर इथे लिहीन.